वेदीच्या कठड्यापाशी पसरलेले हात

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावाने तुला प्रेमाचा सलाम.

तुझा निरोप आणि फोटो मिळाला. मम्मीने चष्मा लावून तो तीनदा पाहिला. जर्मनीतल्या हाल्लेच्या बाजारचौकातल्या चर्चमध्ये काचेमागे ठेवलेले, धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन लुथरसाहेबांचे हात. सेमिनरीत शिकताना वाचलं होतं की १५४६ च्या फेब्रुवारीत आइस्लेबेनला त्यांना मरण आलं आणि शव विटेनबर्गला नेताना एक रात्र हाल्लेच्या त्या चर्चमध्ये ठेवलं होतं. त्यांच्या चेहऱ्याचा आणि हातांचा ठसा तिथे जपून ठेवलाय हेही ठाऊक होतं. पण आपल्या छिंदवाड्याची मुलगी एक दिवस त्या काचेसमोर उभी राहून मला फोटो पाठवेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

फोटोखाली तू लिहिलंस, "पप्पा, इथे रविवारी मोजून अकरा माणसं असतात. मला उपदेश अर्धाच कळतो. ड्यूटी करून थकलेली असते. मग मी का जाऊ? घरी प्रार्थना केली तर देव ऐकत नाही का?"

फोनवर मी टाळलं, कारण उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, धर्मसुधारणेच्या रविवारी, माझी शेवटची उपासना आहे. पाळकनिवासातली कपाटं रिकामी करणं चाललंय. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या नव्या पाळकांकडे द्यायच्या म्हणून पुसून टेबलावर ठेवल्यात. त्याच टेबलावर बसून तुला लिहितोय.

हातांपासूनच सुरू करतो, कारण सदतीस वर्षं मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर ते हात. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला देताना, लोक वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात, मान खाली घालतात, त्यामुळे पाळकाला चेहरे फारसे दिसत नाहीत. दिसतात ते तळहात. परासियाच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसांच्या रेषांमध्ये कोळसा कायमचा बसलेला असतो, तो साबणाने जात नाही. गोंड आजीबाईंच्या मनगटापर्यंत गोंदण असतं. सौंसरकडून संत्र्यांच्या हंगामात येणाऱ्यांच्या बोटांना सालीचा वास असतो. एका शिक्षकांचा हात कंपवाताने इतका हलायचा की भाकर ठेवल्यावर मी माझा हात क्षणभर त्यांच्या हाताखाली धरायचो. आणि दृढीकरणाच्या दिवशी, आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने जाहीर करण्याच्या दिवशी, तुझे हात होते, मेंदी पुसट झालेले, घामेजलेले. तू वर पाहिलं नाहीस. मला तेव्हा बाप म्हणून रडू येत होतं आणि पाळक म्हणून पुढच्या माणसाकडे जायचं होतं.

या सगळ्या हातांत एक गोष्ट सारखी असायची. ते रिकामे असायचे. कुणी काही आणून माझ्या हातावर ठेवत नव्हतं. अर्पणाची थैली आधी फिरून गेलेली असते. कठड्यापाशी येताना श्रीमंताजवळही काही नसतं. लुथरसाहेबांनी मरणाच्या दोनच दिवस आधी एका चिठोऱ्यावर जे शेवटचं लिहिलं, ते तुला माहीत आहे: आपण भिकारी आहोत, हे खरं आहे. एवढी पुस्तकं लिहिली, सगळं बायबल जर्मनमध्ये आणलं, सम्राटासमोर उभे राहिले, आणि शेवटी हे. तरुणपणी मला ते वाक्य खिन्न वाटायचं. आता वाटतं, त्यात त्यांना केवढा विसावा मिळाला असेल.

पण तुझा प्रश्न वेगळा आहे. हात घरी पसरले तर चालत नाही का?

चालतं, बाळ. देव ऐकतो. पण मी तुला एक रविवार सांगतो, जो तुला नीट आठवत नसेल, कारण तू आठ वर्षांची होतीस. तुझ्या धाकट्या भावाला जाऊन पाच दिवस झाले होते. मंडळीचे पंच म्हणाले, साहेब, या रविवारी आम्ही चालवून घेऊ. मी ऐकलं नाही. मला वाटलं, पाळकच बसून राहिला तर मंडळीने काय धडा घ्यायचा? गायन झालं, पापांगीकार झाला. विश्वासाच्या अंगीकाराला सगळे उभे राहिले. "मी विश्वास ठेवतो" एवढं म्हटलं आणि माझा आवाज बंद पडला. रडू नव्हतं ते. आतमध्ये नुसती कोरड होती. पुढचे शब्द मला पाठ होते, पण त्या क्षणी ते माझे नव्हते. आणि मंडळी थांबली नाही. खाणीतली माणसं, त्या गोंदणवाल्या आजी, तरुण संघाची पोरं, सगळ्यांनी तो अंगीकार शेवटच्या शब्दापर्यंत नेला, "शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन" इथपर्यंत. मी वेदीपाशी उभा राहून ऐकत होतो. त्यानंतरचे किती तरी महिने मी एकट्याने गुडघे टेकले की काहीच यायचं नाही. रविवारी मात्र लोक माझ्यासाठी विश्वास ठेवायचे आणि मी त्यांच्यामध्ये उभा असायचो.

लुथरसाहेबांच्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत, विश्वासाच्या अंगीकारातल्या तिसऱ्या कलमाचा अर्थ तू पाठ केला होतास: मी आपल्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्मा मला बोलावतो, आणि मलाच नाही, पृथ्वीवरच्या सगळ्या मंडळीला. शेकडो मुलांकडून मी ते म्हणवून घेतलं. त्याचा अर्थ मला त्या रविवारी कळला. लुथरसाहेबांची मग्दलेना १५४२ मध्ये गेली, तेरा वर्षांची होती. तेव्हा त्यांनी मित्राला कळवलं की मुलगी सुटली, देवाकडे गेली म्हणून आम्ही आभार मानायला हवेत, पण मला आणि बायकोला रडण्यावाचून ते जमत नाही. ज्या माणसाने विश्वासावर इतकं लिहिलं त्याला हे लपवावंसं वाटलं नाही. मीही तुझ्यापासून लपवत नाही.

म्हणून मी अकरा माणसांना कमी म्हणत नाही. तुझ्या त्या शहरात बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत, हे मला माहीत आहे. त्या अकरांपैकी एखादीचा आवाज कुठल्यातरी रविवारी बंद पडेल, तेव्हा मागच्या बाकावर तू असशील का? जर्मन अडखळत म्हटलंस तरी चालेल.

आता माझ्या चुकीचं सांगतो. नावं सांगणार नाही, तुला ओळखू येतील. मंडळीत दोन सख्खे भाऊ होते, जमिनीच्या वाटणीवरून नऊ वर्षं अबोला. कठड्यावर एक डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला. मला ते खुपायचं. एका रविवारी मी उपदेशात बायबलमधले काइन आणि हाबेल, भावाने भावाला मारल्याची गोष्ट, घेतले आणि बोलता बोलता सरळ थोरल्याकडे पाहिलं. सगळ्या चर्चने माना वळवल्या. तो माणूस उठला आणि निघून गेला, पुढे चौदा महिने आला नाही. मी घरी आलो तो ताठ मानेने, सत्य बोललो या समाधानात. मम्मीने ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही त्याला दगड मारला, आणि देवाच्या जागेवरून मारला."

तेव्हा मला १५२२ चा विटेनबर्ग आठवायला हवा होता. लुथरसाहेब वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेले असताना मागे लोकांनी सुधारणेच्या आवेशात मूर्ती फोडल्या, ज्यांची तयारी नव्हती त्यांच्यावर नवी रीत लादली. लुथरसाहेब मार्च महिन्यात जीव धोक्यात घालून परत आले आणि लागोपाठ आठ दिवस उपदेश केले. काय सांगितलं? की बरोबर असलेली गोष्टसुद्धा कुणावर जबरदस्तीने लादू नका, अशक्ताला वेळ द्या, वचन आपलं काम करतं. गाव शांत झालं. मी हे परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळवले होते. आणि पुलपिटावर चढल्यावर विसरलो.

चौदा महिन्यांनी मी त्याच्या अंगणात गेलो. खाटेवर बसायला सांगेना, म्हणून उभाच राहिलो आणि माफी मागितली. तो काही बोलला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला आला, पुन्हा त्याच टोकाला. भावाभावांचा समेट झाला का, असं तू विचारशील. माझ्या डोळ्यांसमोर तरी नाही. धाकटा वारला तेव्हा थोरल्याने खांदा दिला, तोंडाने एक शब्द नाही. पण इतकी वर्षं दोघं एकाच कठड्याला गुडघे टेकत होते, एकाच पेल्यातून पीत होते, आणि मी त्यांच्यामधलं अंतर चालून जात होतो. ते जोडण्याचं काम माझं नव्हतं. भाकर दोन्ही टोकांपर्यंत पोचवणं माझं होतं.

दुसरी चूक लहान वाटेल, पण ती मला रात्री आठवते. दृढीकरणाच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला काही पाठच व्हायचं नाही. मी त्याला एक वर्ष थांबायला सांगितलं. त्याची आजी घरी आली, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणाली, "साहेब, त्याला सवाल-जवाब येत नाहीत, पण दर रविवारी माझा हात धरून तीन मैल चालवत तोच आणतो." लुथरसाहेबांनी १५२९ मध्ये ते प्रश्नोत्तरावलीचं छोटं पुस्तक लिहिलं, कारण सॅक्सनीतल्या खेड्यांत फिरताना त्यांना दिसलं की लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही. घरच्या कर्त्याने जेवणाच्या वेळी मुलांना शिकवावं म्हणून लिहिलं. मी त्याचं कुंपण केलं. पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला परत बोलावलं आणि तोंडी परीक्षा न घेता उभं केलं.

पैशांबद्दल आणि बदल्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पगार उशिरा आला, पण तुम्ही उपाशी झोपला नाहीत. कुणाच्या तरी शेतातली ज्वारी पायरीवर ठेवलेली असायची आणि ठेवणाऱ्याचं नाव कधी कळलं नाही.

भाषेचं मात्र लिहितो, कारण तू म्हणतेस तुला उपदेश कळत नाही. १८७७ मध्ये स्वीडनचे मिशनरी या मध्य प्रांतात गोंडांसाठी आले, तेव्हा त्यांना तरी काय कळत होतं? त्याच्याही आधी, १७०६ मध्ये, तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरलेला जर्मन मिशनरी झिगेनबाल्ग तुझ्या हाल्लेतच शिकला होता, आणि इथे आल्यावर तमिळ मुलांबरोबर वाळूत अक्षरं गिरवायला बसला. मी आयुष्यभर हिंदीतून उपदेश केला, मम्मीशी मराठीत बोललो आणि दुःखात नेहमी मराठीतच प्रार्थना केली. ज्या दिवशी तुझ्या भावाला मातीत ठेवलं, त्या दिवशी मम्मीने 'उपासना संगीत' उघडून ना. वा. टिळकांचं गीत म्हटलं. आजूबाजूच्या गोंड बायकांना मराठीचा गंध नव्हता, तरी त्या सूर धरून तिच्यामागे गुणगुणल्या. तूही तिथे तेच कर. जर्मन गायन चालू असताना तुझ्या ओठांवर मराठी असेल तर असू दे.

निवृत्तीनंतर आम्ही सौंसरच्या बाजूला मामांच्या घराजवळ राहू. मी पंचांना सांगितलंय की बाप्तिस्मा, लग्न, माती, कशासाठीही मला बोलवायचं नाही. जे जिव्हाळ्याने बोलवतील त्यांनाही नाही म्हणणार. नवे पाळक तरुण आहेत, त्यांना त्यांचे लोक मिळायला हवेत. हे मला जड जाणार आहे, आत्तापासून जातंय. काल एका बाईंनी नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी "तुम्हीच या" म्हटलं आणि मी नव्या पाळकांचा नंबर लिहून दिला. त्यांचा चेहरा पडला. माझाही पडला असेल.

शेवटच्या रविवारी एक गोष्ट मी मागून घेतली आहे. मी सगळ्यांना भाकर वाटेन, दोन्ही टोकांपर्यंत. मग झगा काढून बाजूला ठेवेन, कठड्याच्या या बाजूला येईन आणि सगळ्यांत शेवटी गुडघे टेकेन. नवे पाळक मला देतील. इतकी वर्षं मी वेदीच्या त्या बाजूने घेत आलो. मम्मी माझ्या शेजारी असेल. गुडघा दुखतो म्हणून उठताना ती हात देईल, असं आमचं ठरलंय.

इथली उपासना संपेल तेव्हा तुझ्याकडे जेमतेम उजाडलं असेल. ड्यूटी नसेल तर जा. पाढरला नर्सिंग शिकताना तू हात कसे धुवायचे, ते मला घरी येऊन करून दाखवायचीस, बोटांच्या फटींपर्यंत. तेच हात घेऊन जा. अकराचे बारा व्हाल.

मम्मीने आंब्याचं लोणचं आणि तिळाची चटणी पार्सल केली आहे, बरणीला दोनदा फडकं बांधलंय. पोचली की कळव. आणि त्या हातांचा फोटो जरा मोठा करून पाठव, मला तो नव्या घरात लावायचा आहे.

तुझा,
पप्पा