दादाच्या नोकरीला वर्ष झालं, थँक्यू सगळ्यांना

दादाला स्किझोफ्रेनिया आहे आणि परवा त्याला पॅकिंगच्या कामावर वर्ष झालं. "आधी पूर्ण बरा होऊ दे" असं न म्हणता थेट काम शोधून देणाऱ्या सोशल वर्कर ताई, गोळ्यांनी सकाळी डोळाच उघडत नाही म्हणून 9 ऐवजी 11 ला ये म्हणणारे सुपरवायझर काका, मधे त्याला नसलेले आवाज परत ऐकू यायला लागले तर 3 आठवडे जागा तशीच ठेवली हो त्यांनी! मानसिक आजार 2016 च्या दिव्यांग कायद्यात येतो हे सर्टिफिकेटच्या लायनीतल्या एका काकूंनी सांगितलं, आम्हाला कुठे माहीत. आणि डबा रोज त्याच्याशेजारी बसून खाणारा तो पोरगा, काही न विचारता. पहिल्या पगारात दादाने आईला मिक्सर आणला, जुना चांगला चालू होता तरी.