तुझं पान आणि आजोबांचा फोटो

पुणे, शनिवार रात्र

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद.

कॅम्पात मोबाईल जमा करून घेतलाय म्हणून हे पत्र. उद्या बाबा बेसनाचे लाडू घेऊन येतायत, त्या डब्याला चिकटवून देते. आधी लाडू खा, मग वाच.

तुमच्या एनसीसी युनिटवर तू इंग्रजी विकिपीडियात लिहिलेलं पान काढून टाकावं, असा प्रस्ताव आलाय. तू निघालास त्या मंगळवारीच. अशी चर्चा साधारण सात दिवस चालते आणि तुझा कॅम्प दहा दिवसांचा, म्हणजे तू येईपर्यंत बहुतेक निकाल लागलेला असेल. बाबांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपसाठी ‘सगळ्यांनी जाऊन ठेवा म्हणून लिहा’ असा मेसेज तयार केला. मी पाठवू दिला नाही. तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात. एका रात्रीत वीस नवी खाती उगवली तर उलट संशयच यायचा.

मग मी पान तळटीपांसकट वाचलं. ३१ वर्षं ग्रंथालयात काढली, सवय जात नाही. तुझे संदर्भ नऊ. चार कॉलेजच्या वार्षिक अंकातले, दोन कॉलेजच्या वेबसाइटवरचे, दोन बटालियनच्या फेसबुकवरचे. आठ झाले घरचेच. नववं वर्तमानपत्राचं कात्रण, त्यात दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनाला निवडलेल्या कॅडेटांची यादी आणि तुमचं नाव एका ओळीत. पान काढा म्हणणाऱ्यांचं म्हणणं इतकंच आहे की ज्याचा तुमच्याशी काही लागाबांधा नाही अशा भरवशाच्या कुणीतरी तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं दाखवा. स्थळाची चौकशी करताना आपण मुलाच्या मावशीला विचारतो का? वाड्यातल्या शेजाऱ्यांना विचारतो.

तुला वाटत असेल, जागा काय कमी आहे? केतकरांच्या ज्ञानकोशाला २३ खंडांत बसवायचं होतं, इथे तशी अडचण नाही. खरंय. पण उद्या कुणी तुमच्या पानावर भलतंसलतं लिहिलं, तर खरं काय ते कशावरून ठरवायचं? तुमच्याच वार्षिक अंकावरून? मला विचारशील तर स्वतंत्र पान होत नाही. तुमची कंपनी एका बटालियनखाली, बटालियन पुणे ग्रुपखाली, ग्रुप महाराष्ट्र डायरेक्टोरेटखाली. एनसीसी १९४८ च्या कायद्याने झाली, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ. पण ती पुण्याई खालच्या प्रत्येक कंपनीला आपोआप लागू होत नाही. एकाने सुचवलंय की यातलं कामाचं तेवढं कॉलेजच्या पानात घ्यावं. मला ते पटतं.

एका शहाण्याने मात्र विद्यार्थ्यांच्या पलटणी म्हणजे पोरखेळ, असं लिहिलंय. ते वाचून माझं डोकं फिरलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हर्जिनियाच्या लष्करी कॉलेजचे २५७ कॅडेट १५ मे १८६४ ला न्यू मार्केटच्या लढाईत उतरले, त्यातले दहा जण जिवाला मुकले. ती बाजू गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांची होती, तो भाग वेगळा. पण त्या पोरांबद्दल कॉलेजबाहेरच्या लोकांनी आजवर भरभरून लिहिलंय. फरक तिथे आहे, वयात नाही.

आता पानावरचा आजोबांचा फोटो. तो बघून मीच क्षणभर ‘ठेवा’ लिहायला निघाले होते. १९६४ चे आजोबा, ढगळ खाकी, कान टोपीबाहेर. पण खाली तू लिहिलंयस, ‘राष्ट्रसेवेच्या ओढीने दाखल झाले.’ अरे, चीनच्या युद्धानंतर १९६३ ला कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ ला पुन्हा ऐच्छिक झाली. आजोबा सांगायचे, परेड चुकवायची सोय नव्हती आणि नंतरचा नाश्ता चुकवायची इच्छा नव्हती. ते असते तर त्या ओळीवर त्यांनीच काट मारली असती, लाल शाईने.

एक जागा मात्र शोधण्यासारखी आहे. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. तुमचे सर म्हणतात ना, की तेव्हा युनिटची पोरं चिखल उपसायला गेली होती? तू ते एका वाक्यात, बिनसंदर्भ उरकलंयस. त्या महिन्याचे ‘केसरी’ आणि ‘सकाळ’चे अंक चाळायला हवेत. बातमीत युनिटचं नाव निघालं तर कॉलेजच्या पानात ती ओळ ताठ मानेने जाईल. नाही निघालं तर नाही. आल्यावर एक शनिवार मोकळा ठेव, मी येते बरोबर. जुन्या अंकांची धूळ तुला सोसत नाही, रुमाल घे.

पानाची प्रिंट काढून ठेवली आहे, फोटोसकट. कॉलेजच्या पानासाठी चार ओळी कच्च्या लिहिल्यात, त्यात आजोबा नाहीत. राग मानू नकोस.

रायफल साफ करताना बोट सांभाळ. आणि डबा झाकणासकट बाबांकडेच परत दे, मागच्या कॅम्पात झाकण तिथेच राहिलं.

तुझी
आई