तळघरातल्या यंत्राविषयी आई-बाबांस

लिंकन, नेब्रास्का

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. मी नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि घराच्या तळघरात क्विल्टिंगचे काम सुरू केले, हे कळल्यापासून तुम्हा दोघांच्या मनातले प्रश्न फोनवर अर्धेमुर्धे येत राहिले आणि मीही त्यांना अर्धीमुर्धीच उत्तरे दिली. बाबांना यंत्राची आणि हिशेबाची काळजी आहे. इंजिनीअर झालेली मुलगी परदेशात गोधड्या शिवते हे इचलकरंजीत चारचौघांना कसे सांगावे, याची आईला आहे. दोन्ही काळज्या रास्त आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इथल्या बायका, आणि काही पुरुषही, कापडाचे तुकडे जोडून क्विल्टचा वरचा थर, ज्याला सगळे टॉप म्हणतात, तो घरी हौसेने तयार करतात. मात्र टॉप, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर हे तिन्ही एकत्र शिवून काढणे घरच्या शिलाई यंत्रावर फार जिकिरीचे होते, कारण त्या यंत्रात सुईच्या उजवीकडे जेमतेम सात-आठ इंच जागा असते आणि पलंगभर पसरणारी क्विल्ट गुंडाळी करून तेवढ्याशा फटीतून सरकवावी लागते. म्हणून टॉप तयार झाला की लोक तो माझ्यासारखीकडे आणून देतात. टॉप त्यांचा, अस्तर त्यांचे. यंत्र, दोरा आणि कसब माझे. बाबा, व्यापाऱ्याने सूत द्यायचे आणि आपण मजुरीवर कापड विणून द्यायचे, हा जो व्यवहार तुम्ही जन्मभर केला, तोच हा आहे. तुम्हाला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी मिळायची, मला चौरस इंचावर मिळते.

आता यंत्राविषयी. लाँगआर्म हे शिलाई यंत्रच असते, पण त्याचा हात नावाप्रमाणे लांब असतो; माझ्या यंत्रात सुईपासून मागच्या खांबापर्यंत सव्वीस इंच जागा आहे. मिसूरी राज्यातल्या वेस्ट प्लेन्स या गावी गॅमिल नावाची कंपनी आहे, तिचे ते यंत्र असून, व्यवसायातून निवृत्त होणाऱ्या एका बाईंकडून मी ते रोखीने घेतले. कर्ज काढलेले नाही. घरच्या यंत्रात सुई एका जागी राहते आणि कापड हलते. इथे तिन्ही थर बारा फुटी चौकटीवर बसवलेले असतात आणि यंत्रच चाकांच्या गाड्यावर मागेपुढे व डावीउजवीकडे फिरते. चौकटीच्या आडव्या रोलरांपैकी एकावर अस्तर असते, एकावर टॉप, आणि शिवून झालेला भाग तिसऱ्यावर गुंडाळला जातो. ताण्याचे बीम आणि कापडाचा रोल यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला याहून जास्त सांगायला नको. काम पुढे जाते तसा तो तिसरा रोल जाड होत जातो आणि सुईला फिरायला उरलेली जागा कमी होते, त्यामुळे सव्वीस इंच हा आकडा कागदावरचाच. मोठ्या क्विल्टच्या शेवटच्या पट्ट्यांत त्यातले बरेच इंच हातचे गेलेले असतात. अठरा इंची यंत्र स्वस्त मिळते म्हणून घ्यावे की काय, असे मलाही वाटले होते. न घेतले ते बरे झाले.

या यंत्रातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे टाक्यांचा नियंत्रक. गाड्याच्या चाकांची हालचाल सेन्सर सतत मोजत असतात आणि तेवढ्याच प्रमाणात मोटरचा वेग कमीजास्त होतो. म्हणून मी यंत्र संथ ओढले काय किंवा भरभर ओढले काय, इंचाला दहा टाके ठरवले असतील तर दहाच पडतात. एरवी हात घाईत असला की टाके लांबतात आणि रेंगाळला की एकावर एक बसतात. पण नियंत्रक फक्त टाक्याची लांबी सांभाळतो, दोऱ्याचा ताण सांभाळत नाही, आणि या धंद्यात खरी डोकेदुखी ताणाचीच आहे. वरचा आणि खालचा दोरा यांची गाठ मधल्या कापसात दडली पाहिजे. नक्षीतले वळण वेगाने घेतले की खालचा दोरा वाकत नाही, ताठ राहतो, आणि वरच्या दोऱ्याचे बारीक फासे पाठीवर रांगेने दिसू लागतात. समोरून पाहावे तर काम अगदी निर्दोष. म्हणून प्रत्येक क्विल्टच्या आधी बॉबिनची केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, दोऱ्याने हवेत धरून हाताला हलका झटका द्यायचा. ती थोडीशी खाली सरकून थांबली तर ठीक, घसरत गेली तर तिचा बारीक स्क्रू केसभर आवळायचा. मग अस्तराच्या कडेच्या जास्तीच्या कापडावर चार वळणे शिवून, मोबाईल चौकटीखाली धरून पाठीचा फोटो काढायचा. गिऱ्हाइकाने अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे आणावे, असा आग्रह मी धरते तो काही अंशी यासाठीच. उरलेले कापड चौकटीला अडकवायला आणि बाजूचे चिमटे लावायला लागते.

सुई एखाद्या जाड शिवणीवर आपटून मोडली, तर कधी कधी खाली वरचा दोरा पकडणाऱ्या हुकाचे टायमिंगही सरकते. सुई तळाला जाऊन वर निघते त्याच क्षणी हुकाचे टोक तिच्या नेढ्याच्या किंचित वरून गेले पाहिजे, नाहीतर टाके सुटू लागतात. मेकॅनिक दुसऱ्या गावाहून यायचा आणि त्याला बोलावणे महाग, म्हणून हे जुळवायला मी स्वतः शिकले. धोटा नेमका केव्हा सुटला पाहिजे यावर तुम्ही माग उघडून तासन्‌तास झटत असायचात, ते लहानपणी पाहिलेले इथे कामी आले असे म्हणायला हरकत नाही. तेलाचेही तेच: दर बॉबिनला हुकातला कापूस झाडायचा आणि तेलाचा एकच थेंब टाकायचा, दोन टाकले की दुसरा कोणाच्या तरी पांढऱ्या टॉपवर जातो.

जागेचे थोडक्यात सांगते. चौकटीभोवती सगळीकडून फिरता यावे एवढे तळघर आहे, पण त्याची जमीन पाणी निघून जावे म्हणून उतरती केलेली आहे. त्यामुळे चौकटीच्या प्रत्येक पायाखाली कमीजास्त जाडीच्या चकत्या देऊन तिला पाणसळीत आणावे लागले, नाहीतर यंत्र सोडले की आपोआप एका बाजूला घरंगळते. हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी होते की स्थिर विजेने धागेदोरे कापडाला चिकटून बसतात, आणि उन्हाळ्यात तळघर ओलसर होते. दोन्हींसाठी दोन वेगळी यंत्रे चालवावी लागतात. गिऱ्हाइकांच्या मालाचा विमा वेगळा उतरवला आहे, कारण घराच्या विम्यात धंद्याचा परका माल सहसा धरत नाहीत. नगरपालिकेची जी काही कागदपत्रे लागतात ती झाली आहेत.

हिशेब असा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच नक्षी चालवायची असेल तर मी चौरस इंचाला अडीच सेंट घेते. साठ बाय ऐंशी इंचांची क्विल्ट म्हणजे 4,800 चौरस इंच, त्याचे 120 डॉलर होतात. नव्वद बाय शंभरची मोठी असेल तर 9,000 चौरस इंचांचे 225. प्रत्येक चौकोनात वेगळी नक्षी आणि मोजपट्ट्या लावून सरळ रेषा हव्या असतील तर दर कितीतरी वाढतो, पण वेळ त्याहून जास्त वाढतो, म्हणून तशी कामे मी मोजकीच घेते. काम कमी पडेल ही भीती नाही. मिसूरीतल्या हॅमिल्टन या लहानशा गावी एका आईने क्विल्ट शिवून घ्यायला दिली तर तिला कित्येक महिने थांबायला सांगितले. मग मुलांनी तिला लाँगआर्म यंत्रच घेऊन दिले आणि त्यातून 2008 साली निघालेल्या मिसूरी स्टार क्विल्ट कंपनीच्या दुकानांनी आज त्या गावाचा मुख्य रस्ता भरून गेला आहे. माझी तशी महत्त्वाकांक्षा नाही. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा प्रत्येक टॉप ख्रिसमसच्या आत हवा असतो, जानेवारीनंतर थोडी विश्रांती मिळते, आणि खांदे दुखतात. हे तिन्ही धरूनच हिशेब केला पाहिजे, आणि म्हणूनच नोकरी पूर्ण सोडलेली नाही.

खरी कटकट यंत्राची नसून माल ताब्यात घेण्याची आहे. टॉप आला की मी तो जमिनीवर पसरून मधोमध आणि दोन्ही कडांनी मोजते. मधले माप न घेता काठाची पट्टी कडेला शिवत शिवत नेली आणि उरली ती कापून टाकली, की काठ मधल्या भागापेक्षा लांब होतो आणि त्याला झोळ येतो. चौकटीवर तो झोळ जात नाही, त्याची चुणी होते, आणि गिऱ्हाईक मानते की चुणी यंत्राने पाडली. म्हणून मापे त्यांच्यासमोर वहीत लिहून घेते. त्यातही जुन्या टॉपांची गोष्ट निराळी असते. 1930 च्या मंदीच्या दिवसांत पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य छापील कापडाच्या पोत्यांतून यायचे. त्या पोत्यांचे कपडे व्हायचे आणि उरलेल्या तुकड्यांचे टॉप. कोणाच्या तरी आजीने जोडून ट्रंकेत ठेवून दिलेला तसा टॉप नात घेऊन येते, तेव्हा हाताच्या शिवणी उजेडासमोर धरून एकेक तपासावी लागते. त्याला दाट नक्षी घालू नये असे माझे ठाम मत आहे, कारण कापड विरलेले असते आणि सुईची भोके त्याला सोसत नाहीत. काही जणी नाराज होऊन परत जातात.

आई, यंत्राने शिवलेली ती कसली गोधडी, असे तू म्हणालीस. हा वाद इथेही होऊन गेला आहे. केंटकीतल्या पडुका शहरी दरवर्षी मोठे क्विल्ट प्रदर्शन भरते. तिथे 1989 साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या क्विल्टला पहिल्यांदाच सर्वोच्च बक्षीस मिळाले, तेव्हा हाताने शिवणाऱ्यांपैकी अनेकींना ते रुचले नव्हते. तेही यंत्र घरातले साधे शिलाई यंत्र होते, लाँगआर्म नव्हते. आमच्या लिंकनमध्ये आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे. आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने 1997 मध्ये विद्यापीठाला दिलेल्या क्विल्टच्या मोठ्या संग्रहातून ते उभे राहिले. तिथे हातशिलाईच्या क्विल्टसमोर उभे राहिले की माझेही मन तुझ्या बाजूने झुकते. पण तू म्हणतेस ती गोधडी आणि मी करते ते काम यांची स्पर्धाच नाही. तू जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरतेस, हाताने सुरकुती काढत काठापासून आत धावदोरा घालत येतेस, आणि कापड जिथे विरले असेल तिथे आपोआप टाका जवळ घेतेस. ते थर रोलरवर ताणले तर निम्मे फाटतील आणि उरलेले सरकतील. कोणी मला जुन्या साड्यांची गोधडी यंत्रावर घालायला सांगितली तर मी नाहीच म्हणेन. शेजारणींनी विचारले तर माझी मुलगी मजुरीवर शिलाईचा कारखाना चालवते, असे खुशाल सांग. ते खोटे होणार नाही.

कमाईवर न मोजलेलेही थोडे काम करते. 2003 साली सुरू झालेली क्विल्ट्स ऑफ व्हॅलर ही संस्था सैनिकांना क्विल्ट देते. टॉप कोणी एकीने करायचा आणि शिवून दुसरीने द्यायचा, अशी तिची रीत आहे. जानेवारीच्या संथ दिवसांत मी त्यांचे टॉप घेते. हात चालू राहतो.

बाबा, एका गोष्टीत मात्र मला तुमचे मत हवे आहे. माझ्या यंत्राला संगणक जोडता येतो. मग दोन्ही दिशांच्या मोटरी यंत्र ओढतात आणि निवडलेली नक्षी ते स्वतःच शिवते. खांद्यांना आराम मिळतो, एकसारख्या नक्षीचे काम वाढवता येते. परंतु क्विल्ट चौकटीवर चढवणे, पट्टी संपली की रोलर पुढे फिरवणे आणि दोरा तुटतो की काय यावर डोळा ठेवणे माणसालाच करावे लागते, त्यामुळे तळघरातून मोकळीक मिळत नाही. शिवाय त्याची किंमत माझ्या जुन्या यंत्राच्या किमतीच्या बरोबरीला जाते आणि ते रोखीने घेणे यंदा तरी शक्य नाही. साधे माग काढून ऑटोलूम घ्यावेत का, याचा तुम्ही बरीच वर्षे विचार केलात आणि शेवटी घेतले नाहीत. त्या वेळी तुम्ही काय काय धरले होते, कर्जाचा हप्ता किती पिकांवर बसवला होता आणि मंदीचे महिने हिशेबात कसे घेतले होते, ते आठवेल तेवढे सविस्तर लिहून पाठवा. वहीची पाने सापडली तर त्यांचे फोटो आईकडून पाठवले तरी चालतील. मार्चपर्यंत मला विकणाऱ्याला उत्तर द्यायचे आहे.

तुमची,
मीनल