आईच्या कपाटातला पेनड्राइव्ह

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुमचा आवाज इतका पडलेला होता की मला झोप लागली नाही. फुकट मिळालेल्या क्रॅक (चोरीच्या) सॉफ्टवेअरमधून फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हा व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरला, खरं आहे. पण सोसायटीचे पैसे वाचावेत म्हणूनच तुम्ही ते उतरवलंत ना? मनाला लावून घेऊ नका.

त्या व्हायरसने टाकलेल्या खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो पाहिला. ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत दिलेत तर ४९०. माणसाला विचार करायला उसंत मिळू नये म्हणूनच ही घाई लावतात. एक रुपयाही पाठवायचा नाही. पैसे घेऊनही फायली उघडायची किल्ली देतील याचा भरवसा नाही.

नेटची वायर काढलीत ते बरं केलंत. आता कोणी कितीही सांगितलं तरी फॉरमॅट मारू देऊ नका. कुलूप लागलेल्या फायली आणि ती चिठ्ठी मला जशीच्या तशी हवी. युरोपोल (युरोपीय देशांची पोलीस संघटना) आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची साइट सुरू केली, तिथे काही कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. हा व्हायरस आला तेव्हा त्याचा स्वतःच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर तो अशा सगळ्यांसाठी एकच ठरावीक किल्ली वापरतो. तशी असली तर आशा आहे. नसली तर फायली जपून ठेवू, पुढेमागे किल्ली सापडेलही. आजच सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करून तक्रार नोंदवा. आणि बँकेचा पासवर्ड बदला, पण मोबाइलवरून. याच्यासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो.

२०१७ च्या जूनमध्ये न्हावाशेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं होतं, आठवतं? ते नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे. मर्स्कच्या नेटवर्कचा कणा असलेले सर्व्हर जगभर पुसले गेले. वाचला तो फक्त घानाच्या ऑफिसातला, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं राहिलं.

आई, गेल्या दिवाळीत मी फोटो आणि हिशेब भरून दिलेला पेनड्राइव्ह तू शालूच्या घडीत, रुमालात बांधून ठेवला आहेस ना? तो तिथेच राहू दे. त्या कॉम्प्युटरला चुकूनही लावू नका, नाहीतर तोही जाईल. आजोबांचा सायकलवरचा फोटो त्यात आहे, मी स्वतः टाकलाय.

दिवाळीनंतरचे हिशेब पावत्यांवरून पुन्हा लिहू. बाबा, पावतीपुस्तकं काढून ठेवा. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते.

तुमची,
ताई