चित्तप्रसादांची रेघ काळीच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंगालच्या १९४३च्या दुष्काळावर लेख आला की सोबत चित्रकार चित्तप्रसाद यांचे चित्र येते, आणि बहुतेक वेळा ते करडे, धुरकट येते. मूळ चित्र तसे नाही. त्या नोव्हेंबरात मेदिनीपूर जिल्ह्यात फिरून त्यांनी काळ्या शाईत उपासमार टिपली. त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली. त्याच वर्षी, दुसरे महायुद्ध चालू असताना, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. युद्धाची ती बाजू कोल्हापूरकरांना ठाऊक आहे, ही कमी.

चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रांसाठी काढत. तेव्हा रेखाचित्र छापायचे ते जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरलेल्या लाइन ब्लॉकवरून. या ब्लॉकला मधली छटा नसते; शाई लागते किंवा लागत नाही. छटा हवी तर हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांचा ब्लॉक, पण खरखरीत न्यूजप्रिंटवर शाई पसरून त्याचे ठिपके एकमेकांना चिकटतात. त्यामुळे बरगड्यांखालची, डोळ्यांच्या खोबणीतली सावली रेघांच्या जाळीतूनच द्यावी लागे. त्यांचा हात या कामात फार पक्का होता.

आज घोटाळा स्कॅनिंगला होतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, घेतले की रेघेचे ठिपके होतात, कडा फुटतात आणि जुन्या कागदाचा पिवळेपणाही करडा होऊन छापला जातो. स्कॅन १२०० डीपीआयला घ्यावे, बिटमॅप, म्हणजे निव्वळ काळे-पांढरे, करावे. थ्रेशोल्ड (काय काळे, काय पांढरे हे ठरवणारी सीमा) मध्यावर ठेवून सर्वांत बारीक रेघ तपासावी : ती तुटत असेल तर काळे वाढवावे, जाळी बुजत असेल तर कमी करावे. फाइल टिफ ठेवावी. जेपेगमध्ये रेघेभोवती कचरा जमतो. चित्र फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर घ्यावे, कारण चार रंगांत रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हलले तरी रेघ दुहेरी दिसते. आणि कृपया दोन कॉलमांचे चित्र एका कॉलमात कोंबू नये. जाळीतली पांढरी फट शाईने भरते, मग चेहऱ्याच्या जागी डाग उरतो.

१९४६ नंतर मुंबईत त्यांनी केलेले लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले छाप) वेगळे. तिथे लिनो कोरून काढलेला भाग पांढरा राहतो, उरलेला काळा छापतो. त्याखाली ‘रेखाचित्र’ लिहिणे चूक. चित्रावर हाताने लिहिलेला मजकूर किंवा सही असेल तर कडा कापताना तीही जाऊ देऊ नये. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ही चित्रे अनेकदा वर्तमानपत्रातच पहिल्यांदा भेटतात.

आपला,
एक मुद्रक-वाचक, कोल्हापूर