हॉडल, ल टिसिए आणि पळणाऱ्यांचा संघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. 'जो नव्वद मिनिटं पळतो तो आधी, कलाकार नंतर. इंग्लंडनं १९६६ चा फुटबॉल विश्वचषक तसाच जिंकला,' हे तुझं म्हणणं डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९६६ बद्दल तुझं निम्मं बरोबर आहे. प्रशिक्षक आल्फ रॅम्सींनी विंगर, म्हणजे कडेनं धावणारे आक्रमक, काढले. नावाजलेला गोल करणारा जिमी ग्रीव्ह्ज दुखापतीतून सावरला होता, तरी अंतिम सामन्यात जेफ हर्स्टलाच ठेवलं आणि हर्स्टनं तीन गोल केले. जादा वेळेत अ‍ॅलन बॉल उजवीकडून ज्या जिद्दीनं पळत राहिला, त्याला माझाही सलाम. पण त्याच संघात बॉबी चार्ल्टनसारखा कलाकारही होता आणि उपांत्य सामन्यात पोर्तुगालविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे होते. पुढच्या प्रशिक्षकांनी पळणं तेवढं उचललं, चार्ल्टनची जागा मात्र मोकळीच ठेवली.

अ‍ॅलन हडसन या कलाकाराचंच बघ. मार्च १९७५ मध्ये वेम्बलीवर जगज्जेत्या पश्चिम जर्मनीविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला. मधली फळी त्यानं एकट्यानं चालवली, इंग्लंड २-० जिंकलं. पुढचा सामना सायप्रसशी, ५-०. आणि तिथेच त्याची इंग्लंडकडून कारकीर्द संपली. दोन सामने! दुखापती आड आल्या हे खरं, पण १९७४ आणि १९७८ या दोन्ही विश्वचषकांना पात्रही न ठरलेल्या देशाला असा खेळाडू जड व्हावा?

मधल्या फळीतला दुसरा कलाकार ग्लेन हॉडल, त्याचं तर मला फारच लागतं. नोव्हेंबर १९७९ मध्ये बल्गेरियाविरुद्ध पदार्पण, लांबून मारलेला देखणा गोल, आणि पुढच्याच सामन्यात बाहेर! एकूण ५३ सामने मिळाले, पण संघ त्याच्याभोवती कधी बांधलाच नाही. १९८७ मध्ये तो फ्रेंच लीगमधल्या मोनॅको क्लबला गेला. तिथे प्रशिक्षक आर्सेन वेंगरनी त्याला मागे धावायच्या कामातून मोकळं केलं आणि पहिल्याच हंगामात मोनॅको फ्रान्सचा विजेता झाला.

यात एकट्या प्रशिक्षकांचा दोष नाही. तेव्हा इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, पहिल्या डिव्हिजनमध्ये, ४२ सामने असायचे, वर कपचे सामने, हिवाळ्यात मैदानाचा चिखल. त्यात ४-४-२ ची मांडणी: चार बचावपटू, चार मधले, दोन पुढचे; म्हणजे मध्यभागी दोघंच. त्यातला एक चेंडू गेल्यावर मागे आला नाही, तर दुसऱ्याची दमछाक ठरलेली. त्यामुळे पळणारा सुरक्षित वाटायचा. शिवाय घाम स्टँडमधून दिसतो. चाळीस यार्डांच्या एका पासनं बाकीच्या दहाजणांचं किती पळणं वाचलं, ते कुणाला दिसत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की ते वाचलेलं पळणंही कामातच धरायला हवं. चेंडू आपल्या पायाशी असला की त्याच्यामागे धावायचं काम समोरच्याचं असतं.

आणि आता १९९८ चा फ्रान्समधला विश्वचषक. इंग्लंडचे प्रशिक्षक खुद्द हॉडल. साउदॅम्प्टन क्लबचा कलाकार मॅट ल टिसिए यानं एप्रिलमध्ये रशियाच्या ब संघाविरुद्ध इंग्लंडच्या ब संघाकडून हॅट्ट्रिक केली, तरी फ्रान्सला जाणाऱ्या संघात त्याचं नाव नव्हतं. त्याला इंग्लंडकडून एकूण आठच सामने मिळाले. हे दुखणं स्वतः भोगलेल्या हॉडलनंही तेच करावं, हे मला आजही पचत नाही.

त्याच विश्वचषकात सेंट एटिएनला अर्जेंटिनाविरुद्ध सामना २-२ वर पेनल्टींत गेला. बेकहॅम लाल कार्ड मिळून बाहेर गेल्यावर दहाजणांनी जी झुंज दिली, तिला तोड नाही. तिथे डेव्हिड बॅटीसारखा पळणारा लागतच होता, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण पेनल्टी हुकल्या त्या पॉल इन्स आणि बॅटी या दोन कष्टाळू मिडफिल्डरांच्या. साउदॅम्प्टनसाठी ४८ पैकी ४७ पेनल्टी मारणारा ल टिसिए त्या वेळी संघाबरोबर नव्हताच.

राखीव खेळाडूंतली एक जागा तरी त्याला द्यायला हवी होती, असं मी ठामपणे म्हणतो. त्या बावीस जणांची यादी काढून बस आणि कुणाला वगळून त्याला घेशील ते कारणासकट लिही. नाहीच घेणार असशील, तर तेही लिही. मी वाट पाहतोय.

तुझा,
जुना मित्र