ई-जर्नल्स घरून उघडू द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

संशोधनपत्रिकांची वर्गणी संस्थांच्या वतीने केंद्राने एकत्रित भरण्याच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-जर्नल्स, म्हणजे ऑनलाइन संशोधनपत्रिका. एकट्या महाविद्यालयाला हे कधीच परवडले नसते. या योजनेचे आम्हा ग्रंथपालांना मनापासून अप्रूप आहे, आणि म्हणूनच हे पत्र. पैसे भरून झाले, पण शिक्षकाच्या हाती लेख पडेपर्यंत वाटेत एक दार लागते. मुंबईत ते फार वेळा बंद सापडते.

शिक्षक लेख कसा शोधतात ते आधी सांगतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून सुरुवात करणारे थोडे. बहुतेक जण गूगल स्कॉलरवर विषय टाकतात, शीर्षकावर क्लिक करतात आणि थेट प्रकाशकाच्या पानावर जातात. हे होते रात्री, घरी. कारण दिवस तास, परीक्षेची कामे आणि लोकल यांत जातो. प्रकाशकाचा सर्व्हर माणूस ओळखत नाही, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ओळखतो. कॉलेजच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून मागणी आली की पीडीएफ उघडते. तीच डोंबिवलीतल्या घरच्या वायफायवरून आली की डॉलरमध्ये किंमत दिसते. ‘आपल्याकडे हे जर्नल नाही’ असे समजून शिक्षक पान बंद करतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत.

कॉलेजात बसूनही अडते, त्याची कारणे ठरलेली आहेत. नोंदणीच्या अर्जात संगणकावर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता भरला जातो. तो इमारतीच्या आतला असतो, बाहेरच्या जगाला दिसतच नाही. काही कॉलेजांची जोडणी साध्या ब्रॉडबँडची असते. तिथे राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो, किंवा एकच पत्ता कंपनीच्या अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि असा पत्ता प्रकाशक स्वीकारत नाहीत. त्यासाठी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. दोन कंपन्यांचे इंटरनेट असलेल्या कॉलेजात पहिली लाइन पडली की दुसरी आपोआप सुरू होते, पण तिचा पत्ता नोंदवलेला नसतो. सकाळी उघडलेले जर्नल दुपारी उघडत नाही ते यामुळे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर कॉलेजच्या आवारातला माणूसही बाहेरचाच ठरतो.

कुणी डाउनलोड मॅनेजर लावून अंकामागून अंक उतरवायला घेतले, तर प्रकाशक त्या एका माणसाला नव्हे, सगळ्या कॉलेजला थांबवतो. खुलाशाची मेल येते ती नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर. तो पुष्कळदा निवृत्त झालेल्या ग्रंथपालांचा वैयक्तिक पत्ता असतो. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिक्तच आहे. मेल कुणी वाचत नाही आणि बंदी तशीच राहते.

घरून वाचण्याची सोय नाही असे नाही. विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही लॉगिनची व्यवस्था आहे. प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन निवडायचे, यादीतून आपली संस्था शोधायची, संस्थेने दिलेला आयडी आणि पासवर्ड टाकायचा. आयपीचा प्रश्नच येत नाही. पण संस्थेने आपल्या वापरकर्त्यांची यादी भरून ती अद्ययावत ठेवली तरच हे चालते. लॉगिनसाठी संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असेल तर त्याचे घड्याळ काही मिनिटे जरी चुकले, किंवा त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली, तरी लॉगिन नाकारले जाते आणि पडद्यावरच्या संदेशावरून कारण कळत नाही.

या यादीत सर्वांत आधी गळतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. ना सेवार्थ (सरकारी वेतनप्रणालीतला) क्रमांक, ना कॉलेजचा ईमेल. महाविद्यालयीन संशोधन केंद्रातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांचेही तेच. ज्यांना वाचनाची निकड सर्वांत जास्त, त्यांनाच लॉगिन नाही, हे आम्हाला फार लागते.

आता आकड्यांविषयी, कारण निर्णय त्यांवर होतात. जर्नल्सचा वापर ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजला जातो. तीस सेकंदांच्या आत एकाच फाइलवर दोनदा क्लिक केले तर ते एकच धरतात, आणि ते योग्यच आहे. पण एका शिक्षकाने उतरवलेली पीडीएफ विभागाच्या व्हॉट्सॲप गटात वीस जणांनी वाचली, तरी नोंद एकच होते. घरून लॉगिनशिवाय आलेला आणि परत गेलेला शिक्षक कॉलेजच्या खात्यात दिसतच नाही. योजनेची सध्याची मुदत २०२७ अखेरपर्यंतची आहे. पुढच्या वेळी कुणी ‘महाराष्ट्रात वापर कमी’ म्हटले, तर तो गरजेचा आकडा नसेल, बंद दाराचा असेल.

योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. मुंबईतली कितीतरी जुनी महाविद्यालये खासगी व्यवस्थापनाची, अनुदानित आहेत. त्यांना इन्फ्लिबनेटच्याच ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांच्या सेवेवर भागवावे लागते. तिथे जर्नल्स कमी, पण प्रत्येक शिक्षकाला स्वतःचा पासवर्ड मिळतो आणि तो घरूनही चालतो. म्हणजे ही पद्धत आपल्या महाविद्यालयांना नवी नाही. अनुदानित महाविद्यालयांना पुढच्या टप्प्यात घ्यावे, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

राज्याच्या हातातले काम त्याहून लहान आहे आणि ते लगेच करता येईल. उच्च शिक्षण सहसंचालकांच्या मुंबई विभागीय कार्यालयात नेटवर्क आणि लॉगिन समजणारा एक तंत्रज्ञ नेमावा. इंटरनेट कंपनी बदलली की आठवड्याभरात नवा आयपी कळवणे प्राचार्यांवर बंधनकारक करावे. संपर्काचा ईमेल व्यक्तीचा नको, पदाचा हवा. तासिका शिक्षकाच्या नेमणूकपत्राबरोबरच त्याचा लॉगिन आयडी दिला जावा आणि सत्र संपल्याच्या दिवशी तो बंद होऊ नये, कारण पेपर लिहून व्हायला सत्रापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत. वर लिहिलेले प्रत्येक काम शेवटी त्याच टेबलावर येते.

आपले,
मुंबई परिसरातील महाविद्यालयांचे काही ग्रंथपाल